टँकरची दुसरी खेप

आमच्या विभागप्रमुखांचा एक नियम होता. प्रात्यक्षिकाच्या तासाला हजेरी अगदी सुरुवातीला घ्यायची आणि ती संपली की दार लावायचं. नुसतं लोटायचं नाही, आतून कडी घालायची. कडीचा आवाज बाहेर व्हरांड्यात ऐकू जायचा आणि तो जावा अशीच सरांची इच्छा असायची. मला हा नियम पहिल्या दिवसापासून खटकला होता. पण मी विभागात नवी, त्यात तात्पुरत्या नेमणुकीवर, त्यात बाई. त्यामुळे बरंच काही चहाच्या घोटाबरोबर गिळायची सवय मी लावून घेतली होती.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. जतच्या कॉलेजात भूगोल शिकवायला मी निघाले, तेव्हा घरच्यांना वाटलं, पोरीला काळ्या पाण्यावर धाडतायत. माझं माहेर कराडकडचं, नदीकाठचं. घरचा ऊस, वडील फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. आमच्याकडे पाण्याचा विचार कुणी कधी केलाच नाही. मोटर सुरू केली की ते यायचं आणि बंद करायला विसरलं की वडील ओरडायचे, तेही विजेसाठी. जतला एका खोलीत भाड्याने राहू लागले तेव्हा घरमालकिणीने पहिल्याच दिवशी मला बजावलं, "मॅडम, कपडे धुतलेलं पाणी फेकू नगा. आमाला लागतंय." तेव्हा मी हसले होते. दिवाळीनंतर हसू बंद झालं.

विभागप्रमुख सर माणदेशातले. बौद्ध कुटुंबातले, त्यांच्या साऱ्या भावकीत पहिले पदवीधर. वडील मुंबईला कामाला, घरी कोरडवाहू तुकडा आणि चार शेळ्या. तिथून ते प्राध्यापक झाले ते निव्वळ स्वतःला घासून. मी त्यांना मानत होते, आजही मानते. नकाशावाचन शिकवायला उभे राहिले की फळ्यावर डोंगर उभा करायचे. फक्त एका गोष्टीत ते दगड होते. वेळ. "मी सातवीपासून पायी शाळेत गेलो, मॅडम. एक दिवस उशीर झाला नाही," हे वाक्य त्यांनी मला किती वेळा ऐकवलं असेल! पावसातही नाही, तापातही नाही. मुलांना ते म्हणायचे, "आपल्याकडं बोट दाखवायला लोक टपलेलेच असतात. त्यांच्या हातात काठी आपण कशाला द्यायची?" यात 'आपल्याकडं' म्हणजे कुणाकडं, हे वर्गात सगळ्यांना समजायचं.

त्या वर्षी दुसऱ्या वर्षाच्या वर्गात एक बहीणभाऊ होते. जतपासून तासाभराच्या एसटीवर असलेल्या एका गावातल्या बौद्ध वस्तीतले. भाऊ वयाने मोठा, पण मध्ये एक वर्ष राहिला होता, म्हणून दोघं एकाच वर्गात आली होती. भाऊ शांत, नेटका, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावणारा. बहीण बोलकी, थोडी फटकळ, आणि समोच्च रेषा काढायला बसली की जीभ ओठांच्या कोपऱ्यात दाबून बसणारी. मला ती आवडायची. शिक्षकाने असं म्हणू नये म्हणतात, पण प्रत्येक वर्गात एखादं पोर असतंच, ज्याच्यासाठी आपण धडा जरा जास्त नीट तयार करतो.

पहिल्या सहामाहीत दोघंही वेळेवर यायची. त्या वर्षी पावसाने पाठ फिरवली. दिवाळी सरली न सरली तोच गावोगाव टँकर सुरू झाले आणि मुलगी उशिरा यायला लागली. भाऊ पहिल्या एसटीने यायचा, ती दुसरीने. सरांची हजेरी तोवर संपलेली असायची, दाराला कडी. ती व्हरांड्यात उभी राहायची. खिडकीतून मला दिसायचं, ओढणी खांद्यावर भिजलेली आणि हातात गुंडाळलेला ड्रॉइंग पेपर, तो मात्र कोरडा, छातीशी धरलेला. आत सर तिचं नाव पुकारायचे. उत्तर यायचं नाही. त्यानंतर लगेच भावाचं नाव, आणि तो खाली बघत म्हणायचा, "हजर."

बाहेरच्यांसाठी सांगायला हवं, प्रात्यक्षिकाला ठरावीक हजेरी भरली नाही तर 'टर्म ग्रँट' होत नसे. टर्म ग्रँट नाही म्हणजे परीक्षा नाही. आणि या मुलीसाठी परीक्षा नाही म्हणजे काय, ते तिनेच मला एकदा सांगितलं. व्हरांड्यात तिला गाठून मी विचारलं, रोज उशीर का होतो. ती म्हणाली, "मॅडम, टँकर आल्याबिगर सुटता येत न्हाई. आय पहाटंच रोजगार हमीच्या कामाला जाती. मागं मीच."

"आणि परीक्षेला बसता नाही आलं तर?"

ती हसली. तिला गंभीर गोष्टी हसून सांगायची खोड होती. "वडलांनी सांगितलंय. पास झालीस तर पुढलं वर्ष शिकवतो. न्हाई झालीस तर मामाच्या पोरासंगं लावून देतो. मामाचा पोरगा वाईट न्हाई मॅडम, पर मला न्हाई करायचं."

मी सरांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "तिचा भाऊ येतो ना वेळेवर? एक घर, एक वस्ती, एक रस्ता. तो येऊ शकतो तर ती का नाही?" मी म्हटलं, पाणी ती भरते. ते म्हणाले, "पाणी काय तिच्या एकटीच्याच घरात भरतात? गावठाणातल्या पाचसहा मुली आहेत वर्गात, त्याच गावच्या. त्या वेळेवर येतात." बोलणं संपलं. सर जर्नल तपासायला लागले.

मला ते पटेना, पण हिशेब सरांचाच जुळत होता. त्याच गावच्या मुली खरंच वेळेवर यायच्या. त्याच वस्तीतली मुलं खरंच वेळेवर यायची. उशिरा यायची ती फक्त वस्तीतली मुलगी. आणि वस्तीतून कॉलेजला येणारी मुलगी एकच होती.

एका रविवारी मी पहिल्या एसटीने त्या गावाला गेले. कुणाला सांगितलं नाही. मला आपलं बघायचं होतं. गाव म्हणजे रस्त्याला धरून गावठाण, देऊळ, ग्रामपंचायत आणि ओढ्यापलीकडे वस्ती. वस्तीच्या तोंडाशी एक सिमेंटचा हौद, त्याच्याभोवती घागरी, कळश्या, प्लॅस्टिकचे कॅन ओळीने मांडलेले. घागरी आपापल्या जागी, माणसं कुणी नाही. मला बघून मुलगी आधी घाबरली, मग तिने घरात नेऊन बसवलं. तेवढ्यात टँकरचा आवाज आला. मी उठले तर म्हणाली, "बसा मॅडम. ही पहिली खेप. गावात जायची."

टँकर गावठाणात रिकामा झाला. मग परत भरायला तलावाकडे गेला. सकाळची एसटी या दोन खेपांच्या मध्ये कधीतरी हॉर्न वाजवत निघून गेली. गावठाणातल्या मुली पाणी भरून, वेणी घालून त्याच एसटीने जायच्या, मला आता समजलं. दुसरी खेप वस्तीवर आली तेव्हा ऊन चढलं होतं. हौदात पाणी पडायला लागलं तशा बायका कुठूनकुठून आल्या आणि हौदाभोवती नुसती झुंबड उडाली. ती मुलगी हौदाच्या काठावर चढून दोरीला बांधलेली बादली टाकत होती, ओढत होती, दुसऱ्या हाताने घागर सावरत होती. एका म्हातारीची कळशी तिनेच भरून दिली. पुरुष लिंबाखाली बसले होते, हौदाकडे पाठ करून. त्यांच्यात तिचा भाऊही होता, मांडीवर पुस्तक.

मला राग आला. माझा राग लपत नाही, नाकावरच असतो. म्हातारीने तो बघितला आणि माझ्याजवळ येऊन म्हणाली, "बाई, आवं त्यांच्यावर नगा चिडू. मागल्या दुष्काळात आमच्या बाप्यांनी म्हटलं हुतं, येक दिस तरी पयली खेप वस्तीवर येऊ द्या. लय भांडणं झाली. टँकरच बंद झाला. तवापास्नं ठरलंय, टँकरवर बाप्यानं जायचं न्हाई. बाप्या गेला की भांडण हुतं. बायका गप भरत्यात."

म्हणजे गावठाणाशी होणाऱ्या भांडणातून वस्तीने सुटका करून घेतली ती बायकांच्या खांद्यावर घागर ठेवून. पुरुष नुसते आळशी नव्हते, पण त्यांची पाठ मात्र हौदाकडे होती. परतीच्या एसटीत बसले तेव्हा माझं डोकं भणभणत होतं. मुलीला एक अडचण गावाने दिली होती आणि दुसरी वस्तीने, आणि दोन्ही एकाच हौदावर.

सोमवारी मी कामाला लागले. कॉलेजात मुलींच्या प्रश्नांसाठी एक समिती होती. तिच्या प्रमुख बाई मराठीच्या, मायाळू, वाढदिवसाला सगळ्यांना पेढे देणाऱ्या. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अहो, पण मग हा मुलींचा प्रश्न कुठं राहिला? त्या गावच्या बाकीच्या मुली येतात की. हा वस्तीचा प्रश्न आहे. तुम्ही मागासवर्गीय कक्षाकडं न्या." मागासवर्गीय कक्षाचं काम आमच्या सरांकडेच होतं. सर म्हणाले, "वस्तीतली मुलं वेळेवर येतात. तेव्हा यात जातीचा संबंध नाही. घरात मुलींना कामाला जुंपतात, हा मुलींचा प्रश्न आहे. तुम्ही त्या बाईंना सांगा."

मी दोघांमध्ये चेंडूसारखी फिरले. मुलगी असूनही ती मुलींच्यात बसत नव्हती आणि वस्तीतली असूनही वस्तीतल्यांच्यात बसत नव्हती. समित्या दोन, दोन्हींना दार, आणि दोन्ही दारांत ती उभी. पुढे बऱ्याच वर्षांनी एका चर्चासत्रात याच गोष्टीसाठी भलामोठा इंग्रजी शब्द ऐकला, त्यावर वक्त्याने पारदर्शिका दाखवल्या आणि लोकांनी मान डोलावली. मला मान डोलवावीशी वाटली नाही. मी उठून बाहेर चहाला गेले.

मग मी सरांना म्हटलं, तिला दुपारच्या बॅचला घ्या. दुपारी दुसऱ्या तुकडीची प्रात्यक्षिकं व्हायची. सर म्हणाले, "बॅच हजेरी क्रमांकाप्रमाणे पडलेल्या असतात. क्रम मोडता येत नाही. आज हिला हलवलं तर उद्या सगळे येतील."

तिथे माझा तोल गेला. विभागात दुसरे दोघे होते, शिपाई होता, तरी गेला. मी म्हटलं, "सर, तुम्ही तिच्यासारख्याच घरातून आलात. निदान तुम्हाला तरी हे कळायला हवं."

सरांनी चष्मा काढला. आवाज चढवला नाही, त्यामुळे ते जास्त लागलं. "मॅडम, तुमच्या घरी पाटाचं पाणी. तुम्ही मला वस्तीवरचं पाणी शिकवू नका. मी त्यातूनच आलोय आणि वेळेवर आलोय. एकदा सवलत मागितली की लोक आयुष्यभर सवलतीचाच म्हणतात. तिला ते नको असेल तर तिनं लवकर उठावं."

त्यांच्या बोलण्यातला पहिला अर्धा भाग खरा होता आणि तो माझ्या जिव्हारी लागला. दुसरा अर्धा खोटा होता, पण तो खोटा आहे हे सांगायचा अधिकार पहिल्या अर्ध्याने काढून घेतला होता. कितीही लवकर उठलं तरी दुसरी खेप पहिली होत नाही, एवढंसुद्धा मी त्या वेळी बोलू शकले नाही. खोलीवर गेले आणि चिडून रडले. घरमालकिणीने विचारलं तर कांदा कापत होते म्हणून सांगितलं.

प्रकरण शेवटी प्राचार्यांकडे गेलं, म्हणजे मीच नेलं. प्राचार्य वाद न आवडणारे गृहस्थ. त्यांनी दोघांचं ऐकलं आणि मध्यममार्ग काढला. मुलीने राहिलेली प्रात्यक्षिकं मधल्या सुट्टीत माझ्यासमोर पूर्ण करावीत, विभागाने सहानुभूतीने विचार करावा आणि या वेळेपुरती टर्म द्यावी. सरांनी मान्य केलं, पण एका अटीवर. "परीक्षेच्या दिवशी मिनिटाचा उशीर चालणार नाही. बाहेरून परीक्षक येतात. तिथं माझ्या हातात काही नाही."

मग सुट्टीत ती माझ्यासमोर बसून डबा न खाता नकाशे काढायची. मी म्हणायचे, आधी खा. ती म्हणायची, "हात तेलकट हुत्यात मॅडम." सर येता-जाता तिच्या कागदावर नजर टाकायचे. एकदा थांबून म्हणाले, "इथं उतार तीव्र आहे, रेषा जवळ घे." तिने खोडून पुन्हा काढल्या. सरांनी मान हलवली. दोघांच्यात बोलणं झालं ते एवढंच.

परीक्षेचा दिवस मार्चमधला. सांगलीहून परीक्षक आले होते, सोबत सरांचा आणि माझा पहारा. आसनक्रमांक लागून आल्यामुळे बहीणभाऊ दोघंही सकाळच्या बॅचला. मी दारात उभी, नजर रस्त्यावर. पहिली एसटी आली आणि त्यातून ती उतरली. कोरडी ओढणी, तेल लावून घातलेली वेणी, कंपासपेटी. माझ्या जिवात जीव आला. ती जवळ आली तेव्हा मी विचारलं, "भाऊ कुठंय?"

तिचा चेहरा पडला. "तो टँकरला थांबलाय. मी म्हटलं हुतं, शेजारची भरतील आपलं. तो म्हणला, तू जा."

घंटा झाली. ती आत गेली. सरांनी हजेरी घेतली, भावाच्या नावाशी थांबले, पुन्हा पुकारलं. मग दार लावलं. कडी मात्र त्यांनी जरा हळूच घातली, निदान मला तसं वाटलं. मुलीने पेन्सिल धरली होती, पण ती कागदावर टेकवत नव्हती.

भाऊ दुसऱ्या एसटीने आला. कमरेपर्यंत भिजलेला, वरची गुंडी लावलेली. व्हरांड्यात उभा राहिला, तिच्याच जागी. दार ठोठावलं नाही. प्राचार्य फेरीवर होते, त्यांनी बघितलं आणि विचारलं. शिपायाने सांगितलं, टॉपर पोरगा आहे, उशीर झाला. तो टॉपर बिपर काही नव्हता, पण वेळेवर येणारा होता. प्राचार्यांनी खिडकीतून सरांना बाहेर बोलावलं. मुलींच्या समितीच्या बाई शेजारच्या वर्गातून आल्या आणि कळवळून म्हणाल्या, "पाणी भरायला लागलं म्हणे बिचाऱ्याला. असं पोराचं वर्ष कसं वाया घालवायचं?" सरांनी परीक्षकांच्या कानाशी काही सांगितलं. परीक्षक म्हणाले, "मग दुपारच्या बॅचला बसवा की. त्यात काय एवढं? नंबराचा क्रम काय, खाली एक शेरा लिहू." चहा यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात सगळं झालं. कुणाला वाईट वाटलं नाही, कुणाचा हात आखडला नाही. चांगली माणसं चांगलं वागली होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मुलगी आत सगळं ऐकत होती. सर बाहेर येताना उघडलेलं दार तसंच राहिलं होतं.

तिने पेपर पूर्ण केला, तोंडी परीक्षा दिली आणि सगळं आवरून विभागात आली. सर आणि मी उत्तरपत्रिका बांधत होतो. भाऊ बाहेर दुपारच्या बॅचची वाट बघत बसला होता. ती टेबलाशी उभी राहिली. "सर, येक इचारू?"

"विचार."

"दुपारच्या बॅचला नंबर हलवता येतो व्हय?"

सर म्हणाले, "परीक्षकांनी परवानगी दिली."

"बरं." ती जायला वळली आणि पुन्हा थांबली. ती चिडलेली नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं असावं. "सर, तुमच्या घरी पाणी कोण भरत हुतं?"

सरांच्या हातातली सुतळी थांबली. त्यांनी ती टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "थोरली बहीण."

"त्या किती शिकल्या?"

"चौथी."

तिने मान हलवली, "येते सर, येते मॅडम" म्हणाली आणि भावाला उरलेली भाकरी द्यायला बाहेर गेली.

सर खुर्चीत बसून राहिले. मी गठ्ठा एकटीनेच बांधला. नंतर स्वतःशीच बोलावं तसं ते म्हणाले, "आमच्याकडं टँकर नव्हता. ओढ्यात झरा खणायचे. अक्का अंधारात जायची. ती आली की मग माझी अंघोळ, मग शाळा. वेळेवर जायचो मी." हे वाक्य त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं, पण असं कधी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्यांच्यावर रागावता आलं नाही.

जूनमध्ये कॉलेज उघडलं. विभागाच्या पहिल्याच बैठकीत सरांनी सांगितलं, या वर्षीपासून प्रात्यक्षिकाची हजेरी तास संपताना घ्यायची. दार उघडं राहील. ज्याला उशीर होईल त्याने आत येऊन काम सुरू करायचं, कुणी काही विचारायचं नाही. ज्याची खरी अडचण असेल त्याची बॅच बदलायची, कागदोपत्री काय ते मी बघेन. दुसऱ्या एका सरांनी कुरकुर केली तर सर त्यांच्यावर खेकसले. मला इतका आनंद झाला की मी सगळ्यांसाठी चहा सांगितला. दोघंही पास झाल्याचं मला निकालावरून माहीत होतं. आता ती तिसऱ्या वर्षाला येणार, दुसऱ्या एसटीने येणार आणि सरळ आत येऊन बसणार, हे मी मनातल्या मनात बघूनसुद्धा ठेवलं होतं.

पाऊस अजून आला नव्हता, टँकर चालूच होते. तिसऱ्या वर्षाचं पहिलं प्रात्यक्षिक झालं. सरांनी दार सताड उघडं ठेवलं आणि तासभर अधूनमधून तिकडे बघत राहिले. शेवटी हजेरी घेतली. सगळे हजर होते. उशिरा कुणी आलंच नाही.

भाऊ जर्नल आवरत होता. मी त्याला गाठलं. "बहिणीनं प्रवेश नाही घेतला अजून?"

"तिचं लगीन झालं मॅडम. उन्हाळ्यात." तो माझ्याकडे बघत नव्हता. "निकाल लागला तवा ती सासरीच हुती."

"पण वडील म्हणाले होते ना, पास झाली तर शिकवतो?"

"म्हणले हुते. पर मी टँकरवर दिसलो न्हवं त्या दिशी. वस्तीत लय बोलणी झाली. पोरीच्या शाळंपायी पोराला पाण्याला लावलं म्हणले लोकं. भांडण झालं असतं तर, म्हणले. वडलांना खाली बघायला लागलं." त्याने वरची गुंडी चाचपली. "तिनं लय सांगून बघितलं. मी पण सांगितलं. न्हाई ऐकलं."

सर मागे येऊन उभे होते. त्यांनी ऐकलं असावं, कारण पुढचा प्रश्न त्यांनीच विचारला. "आता पाणी कोण भरतं?"

"आय. कामावर जायचं सोडलं तिनं," तो म्हणाला. "मी म्हटलं, मी थांबतो. तर म्हणती, तू वेळेवर जा."